मूळ फुटणार की कोंब? बाटलीतल्या हार्मोन्सची गोष्ट

बाटलीत हा जो मळकट पांढरा गोळा दिसतोय ना, तो कॅलस. तंबाखूच्या खोडातला मऊ गर कापून साखर, क्षार आणि अगरच्या जेलीवर ठेवला, त्यात हार्मोन्स घातले, की पेशी वाढत सुटतात पण मूळ नाही, पान नाही, नुसता गोळा.

आता ह्याच गोळ्यातून काय निघणार ते ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन वनस्पती-हार्मोन्सच्या प्रमाणावर ठरतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली हे तंबाखूवरच दाखवून दिलं, म्हणजे ऑक्झिन वरचढ ठेवलं तर मुळं, सायटोकायनिन वरचढ ठेवलं तर हिरवेगार कोंब, आणि मधेच कुठेतरी राहिलं तर परत गोळाच. पेशी त्याच, खाणंही तेच!

त्याआधी सायटोकायनिन सापडलं तेही भारीच, चक्क हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएतून. जुना साठवलेला डीएनए घातला की पेशींचं विभाजन व्हायचं, ताज्याने व्हायचंच नाही, मग ताजा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) तापवला तर तोही चालला आणि त्यातून १९५५ मध्ये कायनेटिन नावाचं सायटोकायनिन हाती लागलं.

जळगावकडे केळीची जी टिशू कल्चर (बाटलीत वाढवलेली) रोपं लावतात त्यामागे हेच आहे. मुनव्याच्या (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लाच्या) कंदातला वाढीचा कोंब काढायचा, बीएपी नावाच्या सायटोकायनिनवर ठेवायचा, एकाचे अनेक कोंब होतात, मग मुळांसाठी आयबीए किंवा एनएए, म्हणजे ऑक्झिन. पण बीएपी जास्त झालं तर कोंब खुरटे राहतात, आणि त्याच कोंबांपासून फार वेळा रोपं वाढवत गेलं तर वेगळ्याच गुणांची झाडं निघायला लागतात, ते शेतकऱ्याला कळतं लागवड होऊन गेल्यावर. म्हणून लॅबने इथे हात राखूनच काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) तर कमालच केली. काटस बांबूला फुलं यायची म्हणजे कित्येक दशकं वाट बघायची, आणि इथे बांबूच्या रोपांच्या कोंबांना बीएपी आणि नारळपाणी दिलं (नारळपाण्यात सायटोकायनिन मुळातच असतं) तर काही महिन्यांतच काचेच्या बाटलीत फुलं आली, बी पण धरलं. १९९० साली नेचर या विज्ञानपत्रिकेत हे छापून आलं, आणि बांबूचा संकर करायचा विचार पहिल्यांदाच एका माणसाच्या नोकरीच्या काळात बसण्यासारखा झाला.