कुकर आणि सतरंजी

(स्वयंपाकघर. गॅसवर कुकर. ओट्याच्या कडेवर टेकलेले दोन तळहात.)

डोंबिवली. सकाळचे पावणेनऊ. थोरल्याची व्हॅन गेली, धाकटी अजून पांघरुणात आहे आणि कुकर नुकताच चढलाय. पहिल्या शिट्टीला पाच-सहा मिनिटं आहेत.

ही आई ओट्याला हात टेकवते, पावलं मागे नेते आणि कोपर वाकवून छाती ओट्याकडे आणते. एक, दोन, तीन... दहाव्याला दंड थरथरतात, तेव्हा ती थांबते. मग पंधरा उठाबशा, सावकाश, टाचा जमिनीला टेकवून. शिट्टी होते. गॅस बारीक होतो.

“दिवसभर घरात राबतेस, तुला आणखी कसला व्यायाम हवा?” हे तिने सासरी ऐकलंय, माहेरीही ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे. केर-लादी, धुणं, बाजाराच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढणं, ही सगळी हालचालच आहे. पण बघा, यातलं बहुतेक काम पुढे वाकून होतं. मूल कायम एकाच कडेवर असतं, कारण दुसरा हात मोकळा लागतो. खांदे पुढे येतात, छाती आखडते, कंबर एका बाजूला धरते. आजीच्या जात्याचं आपण फार कौतुक करतो. तीच आजी साठीत कमरेत वाकली होती, हेही आपण पाहिलंय.

(सतरंजी उलगडते.)

मग वेळ आणायचा कुठून? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. पूर्वी ही हालचाल एका वेळी सलग दहा मिनिटं तरी असावी, असं सांगितलं जाई. २०२० च्या सूचनांमधून ती अट गेली. लहान मूल असलेल्या घरासाठी ही केवढी मोठी सोय आहे! चार मिनिटंही जमेस धरली जातात.

आणि चार-पाच मिनिटांत काय होतं? बारा सूर्यनमस्कार होतात. एका सतरंजीची जागा पुरते. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले. राजवाड्यातल्या बायकाही नमस्कार घालत. आखाड्यात न जाता, साधनांशिवाय, घरच्या घरी होणारा सर्वांगाचा व्यायाम आपल्याकडे निदान तेव्हापासून आहे.

पण या आईने सुरुवात नमस्कारांनी केली नाही, आणि ते इथे सांगायलाच हवं.

धाकटीच्या वेळी सिझेरियन झालं. चार महिन्यांनी तिने मोबाइलवर बघून पोटाचे व्यायाम सुरू केले. डोकं उचललं की पोट मधोमध उंचवट्यासारखं वर यायचं. शिंक आली की कपडे ओले व्हायचे. हे ती कुणाशी बोलली नाही. पुष्कळ जणी बोलत नाहीत, बाळंतपणानंतर असं व्हायचंच असं धरून चालतात. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून विलग होतात, आणि काही जणींचे नंतरही पुरेसे जवळ येत नाहीत. उताणं झोपून, गुडघे दुमडून, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून बघायचं. दोन बोटांहून जास्त फट लागली, तर आधी फिजिओथेरपिस्टकडे जायचं.

तिला तिथे अगदी साधं काम मिळालं. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्यायची आणि लघवी थोपवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. बाळाला पाजून झालं की बसल्या बसल्या, दिवसातून तीनदा. मूल उचलताना गुडघ्यात वाकायचं, त्याला छातीशी घ्यायचं आणि श्वास सोडत उठायचं. नमस्कार आले ते कित्येक महिन्यांनी. पहिल्या दिवशी दोनच.

(संध्याकाळ. जिन्यावर बाप-लेकीची पावलं.)

साडेसात वाजता नवरा ऑफिसातून येतो आणि चहाच्या आधी धाकटीला खाली फिरवायला नेतो. वीस मिनिटं. हे त्याने रोज केलं, म्हणून हिचं जमलं. घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या बाबालाही हीच वीस मिनिटं लागतात, आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागतात.

कधी लेक खाली जायला तयारच होत नाही. मग आई नमस्कारात पुढे झुकली की ती पाठीवर चढते, गळ्याला मिठी मारते. आई गुडघे टेकवते, तिला उतरवते, दोन फुगड्या घालते आणि पुन्हा सतरंजीवर उभी राहते.

(भिंतीवरचं कालनिर्णय.)

दुधाचा खाडा जिथे लिहिला जातो, तिथेच तारखेखाली ती पेन्सिलीने बारीक फुली मारते, व्यायाम राहिला त्या दिवशी. या महिन्यात दुधाचे खाडे तीन. फुल्या पाच. त्यातल्या दोन थोरल्याच्या तापाच्या.