दोनच पेपर

नमस्कार श्रोतेहो.

आज मला विद्यार्थ्यांना सल्ला देण्याविषयी बोलायला सांगितलंय. कॉलेजात आम्ही त्याला मेंटॉरिंग म्हणतो. प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं येतात. कुठले विषय घ्यावेत, हजेरी का घसरली, पेपर कुठे अडला, हे त्यानं बघायचं. आणि मुलं जे सांगतील ते स्वतःपाशी ठेवायचं. हा शेवटचा भाग मी कसा शिकलो ते आधी सांगतो. बाकीचं, वेळ उरला तर.

पंधराएक वर्षं झाली. चवथ, म्हणजे आपली गोव्यातली गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आलेली. मी पणजीहून फोंड्याला येत होतो, कदंबच्या बसनं. त्या दिवसांत बाणस्तारीला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार असतो आणि त्या थांब्यावर बसमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सुपारीची शिपटी, कांगलांचे घोस, तोरिंजनं, सगळं माणसांबरोबर आत चढतं. आता म्हणे प्लास्टिकची माटोळी मिळते. वर्षानुवर्षं टिकते म्हणून लोक घेतात. अहो, माटोळी टिकावी कशाला? ती सुकली की चवथ संपली, एवढं तरी कळतं. असो.

तर बाणस्तारीला एक गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी बसले. मांडीवर हा एवढा चिबूड. बघतो तर माझ्याच एका विद्यार्थिनीचे वडील. ती तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा तिचे दोन पेपर राहिले होते, एक गणिताचा, एक फिजिक्सचा. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले पेपर सोबत घेऊन, पुढे आलेली. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन ती म्हणाली होती, "सर, घरी मी चवथीनंतर सांगते. चवथीला काका, आत्या सगळे जमतात. त्यांच्यासमोर विषय नको." मी म्हटलं होतं, बरं.

वडील खुशीत होते. बाजार मनासारखा झालेला. म्हणाले, "सर, आमच्या बायचं कसं चाललंय?"

आता हा प्रश्न म्हणजे पाऊस कसा आहे, एवढाच होता. बराय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला वाटलं, बापमाणूस आहे, आतून काळजी असणार, आपण धीर द्यावा. मी म्हणालो, "काळजी करू नका हो. दोनच पेपर राहिलेत. ऑक्टोबरात निघतील."

दोनच पेपर. त्या 'च'वर मी दिलेला जोर मला अजून ऐकू येतो.

ते म्हणाले, "कितें दोन पेपर?"

श्रोतेहो, बसमध्ये शांतता कधी नसते, तेव्हा झाली. मागच्या सीटवरच्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "त्यात काय भाऊ, माझ्या भाच्याचे चार राहिले होते, आज दुबईला आहे." कंडक्टर म्हणाला, "माझे तीन होते, म्हणून तर तिकिटं फाडतोय." लोक हसले. कुंडई यायच्या आत सगळ्या बसला ठाऊक झालं की या गृहस्थांच्या मुलीचे दोन पेपर राहिलेत, आणि कुठले तेही, कारण ते बाईंनी विचारलं आणि मी सांगितलं! विचारलं की उत्तर द्यायचं, ही मास्तरांची जन्माची खोड.

वडील पुढे एक शब्द बोलले नाहीत. मंगेशी गेली. म्हार्दोळला ते उतरले, तर चिबूड सीटवरच. मी खिडकीतून हाक मारून तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. आणि त्यांच्या मागोमाग त्या बाईही तिथंच उतरल्या. त्याच वाड्यावरच्या निघाल्या.

चवथ झाल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. हातात नेवऱ्यांचा डबा. "आईनं दिल्यात." मी विचारलं, घरी काय झालं? म्हणाली, "काही नाही सर. सगळं बरं चाललंय."

पुढची दोन वर्षं ती मला हेच म्हणाली. बरं चाललंय सर. पेपर निघाले दोन्ही, पदवीही झाली. पण फी-सवलतीचा एक अर्ज तिच्या हातून राहून गेला, तो मला फार उशिरा कळला. अर्जाची तारीख मला माहीत होती. तिच्या घरची अडचण माहीत नव्हती. कारण मला काही सांगणं तिनं त्या बसनंतर बंद केलं होतं.

बघा, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. माहिती बहुतेक वेळा अशीच फुटते, भल्या मनानं.

आता थोडं कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात अठरा वर्षांखालचं ते मूल, त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती. म्हणजे पहिल्या वर्षाला सतरा वर्षांचा मुलगा येतो तेव्हा गोष्ट वेगळी, आणि त्याच वर्गात बसून तो अठराचा झाला की गोष्ट वेगळी. अमेरिकेत यासाठी १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे. मूल अठराचं झालं किंवा कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा पालकांचा हक्क मुलाकडे जातो. तिथंही पळवाटा आहेत, कमावत्या बापावर अवलंबून असलेल्या मुलाबाबत वगैरे. पण सुरुवात मुलापासून होते. आपल्याकडे सुरुवात बापापासून होते, कारण फी तो भरतो. मीही बाप आहे, मला ते समजतं. पण फीची पावती मिळते ती फीची.

आमचा निकाल मुंबईहून यायचा. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं, त्याआधी आम्ही मुंबई विद्यापीठाचे. वर्तमानपत्रात नुसते नंबर छापून येत आणि नंबर सगळ्या वाड्याला पाठ! आज नोटीस बोर्ड गेला, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आला. मार्कांची अख्खी यादी नावांसकट टाकून मोकळे होतात. तेवढं करू नका. ज्याचे मार्क त्याला कळवा.

आणि ती मेंटॉरची वही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की वह्या भरायला बसतात. 'विद्यार्थ्याची समस्या' असा एक रकाना असतो. त्यात काय काय लिहिलेलं मी वाचलंय: वडील पितात, आई सोडून गेली. सुवाच्य अक्षरात, नाव-नंबरासकट, आणि फाईल टेबलावर पाहुण्यांसाठी उघडी. तिथं 'घरगुती अडचण, बोलणं झालं' इतकं लिहिलं तर कुठली समिती गुण कापते? कागद पुष्ट करायची हौस, दुसरं काय.

एक अपवाद मात्र आहे. मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर गुपित राखत बसायचं नाही. घरी कळवायचं, समुपदेशकाला गाठायचं, आणि तसं करतोय हे मुलालाही सांगायचं. बाकी सगळं, ज्यानं सांगितलं त्याला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. पुन्हा सांगतो, ज्यानं सांगितलं त्याला विचारल्याशिवाय नाही.

मग पालकांनी विचारलं तर काय म्हणायचं? निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी एक पालक मला सकाळी पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, भेटले. मुलगा तिसऱ्या वर्षाला. "सर, ह्याचं काय चाललंय, जरा सांगा बघू." मी म्हटलं, "त्यालाच विचारा. तो हो म्हणाला तर आपण तिघं बसू." ते हसले नाहीत. माझ्याकडे जरा बघितलं, उंडे पिशवीत घातले आणि स्कूटरला किक मारली.