समुद्रात राहिलेल्यांचा दगड

(खानापुरातील व्याख्यानाचा संपादित भाग)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘नौदलाचे हरवलेले वैमानिक आणि आपले वीरगळ’. वीरगळांकडं, म्हणजे वीरांच्या आठवणीच्या कोरीव दगडांकडं, येतोच, पण आधी विमान सांगू द्या.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सांबऱ्याला हवाई दलाची शाळा. त्यामुळं आपल्याकडं फौजी म्हटलं की पायदळ, फार तर हवाई दल. यशवंत घाडगे, नामदेव जाधव ही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्यांची नावं कुणालाही विचारा, येतात. नौदलाच्या एका वैमानिकाचं नाव सांगा म्हटलं की सभा गप्प. आत्ता झाली की नाही? अनमोड घाट उतरून गोव्यात गेलं की दाबोळी, नौदलाच्या विमानांचं घर. आपण तिकडं मासे खायला जातो, तेही जरूर खावेत, पण वास्कोजवळचं त्यांचं संग्रहालय बघून यावं.

तिथं आलिझे जातीचं विमान उभं आहे. आमच्या ओळखीचे एक अण्णा नौदलात याच विमानांची देखभाल करायचे. त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. अण्णा थेट विमानाच्या पोटाखाली वाकले. म्हणाले, “इथून रडार खाली सोडायचं, विहिरीत पोहरा सोडावा तसं.” मग सगळं सांगत सुटले. फ्रेंच बनावट, पुढं एकच पंखा, आत तीन माणसं. काम पाणबुडी हुडकायचं. पाणबुडीवर टाकायला टॉर्पेडो होते, पण दुसऱ्या विमानाशी लढायला तोफ नव्हती. बोलता बोलता अण्णा थांबले आणि १० डिसेंबर १९७१ म्हणाले. पुढचं त्यांना लवकर सांगता येईना.

आदल्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली होती. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आलिझे जिच्यावरून उडायची ती विमानवाहू नौका ‘विक्रांत’ तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, एका बॉयलरला तडा गेलेला असताना लढत होती. इकडं पश्चिमेला पाणबुडीच्या शोधात निघालेल्या एका आलिझेवर पाकिस्तानचं ध्वनीच्या दुप्पट वेगाचं लढाऊ विमान, एफ-१०४ स्टारफायटर, चालून आलं. आलिझे परतलं नाही. आत लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन होते. लेफ्टनंट हा हुद्दाच तरुणपणाचा, हे लक्षात घ्या.

आता माझं दुखणं सांगतो. एका गावी १९७१ च्या वीरांचा फलक व्हायचा होता. मी ही तीन नावं सुचवली. उत्तर आलं, “ते आपल्या भागातले नव्हेत, आणि देह तरी कुठं आलाय?” भागाचं एक वेळ समजू शकतो, जागा थोडी असते. पण देह आला नाही म्हणून नाव नाही? ज्या आईच्या घरी पेटीसुद्धा आली नाही, तिच्या मुलाची आठवण जास्त धरायची की कमी? यावर मी अजून रागावतो, आणि रागावत राहणार.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. ठीक आहे, वीरगळ थोडक्यात.

आपल्याकडं देवळांच्या आवारात शेंदूर फासलेले वीरगळ असतात, मुलं त्यांवर दप्तरं टेकवतात. नीट बघा. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला सूर्य-चंद्र. प्रेत खाली पुरलेलं असलंच पाहिजे, अशी वीरगळाची अट नाही. तो माणसाच्या करणीचा दगड. आणि समुद्राचं म्हणाल, तर बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळांवर जहाजं कोरलेली आहेत, वल्ह्यांसकट. म्हणजे पाण्यावर लढणाऱ्यांची आठवण दगडात कशी ठेवायची, हे आपल्या पाथरवटांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय. देह नसलेल्याची आठवण कुठं ठेवायची, हा प्रश्न आपल्याला पडायचं कारणच नाही.

म्हणून मागणी करतो. या तालुक्यात एक नवा वीरगळ घडवूया. वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा. खालच्या चौकटीत समुद्र आणि पोटाखाली रडार सोडलेलं आलिझे असावं. चित्र काढायला अण्णांना बसवतो, ते तयार आहेत. नावं तिन्ही, एकाच ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत. पाथरवट कुणाच्या ओळखीत असेल, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावं.