विचारतो की विचारते?

(दृश्य : पंचवटी, सकाळची वेळ. काळाराम मंदिराचा दरवाजा, आत जाणारे भाविक.)

नाशिकच्या पंचवटीतील काळ्या पाषाणाच्या या मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी हजारो माणसे जमली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मंदिरप्रवेश मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या सत्याग्रहाला मंदिराचे दरवाजे बंद करून उत्तर देण्यात आले आणि पुढे काही वर्षे हा लढा चालू राहिला. मंदिरात पाऊल पडल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितले होते. समोरचा समाज आपल्याला माणूस म्हणून वागवायला तयार आहे का, हे त्यांना पाहायचे होते.

(दृश्य : गंगापूर रोड, रात्र. वसतिगृहाची खोली. मोबाइलच्या उजेडात टाइप करणारे हात. चेहरा दिसत नाही.)

त्या लढ्याची बरोबरी दुसऱ्या कशाशी करावी, असे आम्हाला वाटत नाही. तरीही त्यातला प्रश्न याच शहरातल्या या खोलीत पुन्हा उभा राहतो. कॉम्प्युटर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही विद्यार्थिनी प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये आपली अडचण विचारते आहे. ‘मी कालपासून प्रयत्न करते आहे’ असे ती लिहिते, थांबते, ते खोडते आणि त्याऐवजी ‘कालपासून प्रयत्न चालू आहे’ असे लिहून पाठवते. तिच्या प्रोफाइलवर फोटो नाही आणि नावाच्या जागी फक्त एक आद्याक्षर आहे.

मराठीत क्रियापद बोलणाऱ्याची ओळख उघड करते. ‘मी विचारतो’ आणि ‘मी विचारते’ यांत एका मात्रेचा फरक आहे, पण त्या मात्रेवर पुढे काय घडणार हे ठरते. ‘मी बदल केला’, ‘मी कोड तपासला’ अशा वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जात असल्यामुळे लिहिणारी व्यक्ती झाकली जाते. ‘मी अडकले’ म्हणताच ती दिसू लागते. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग या मुलींनी स्वतःला लपवण्यासाठी वापरावा, ही या साऱ्या विषयातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते.

कारण ओळख कळली की प्रश्नाचे उत्तर येण्याआधी खासगी मेसेज येतात. फोटो मागितला जातो, रात्री उशिरा कॉल येतात, आणि प्रतिसाद दिला नाही तर दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये तिच्या कोडची टिंगल सुरू होते. आडनाव दिसले तर त्यात आणखी एक भर पडते : ‘कोट्यातून आली का?’

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की कोडला लिंग नसते आणि जातही नसते, काम चांगले असेल तर ते स्वीकारले जाते. हे उत्तर देणारे बहुतेक जण ते प्रामाणिकपणे देतात, म्हणून ते तपासून पाहायला हवे. गिटहब या कोडची देवाणघेवाण करणाऱ्या संकेतस्थळावरील कामाचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांनी सुचवलेले ७८.६ टक्के बदल स्वीकारले गेल्याचे आढळले, तर पुरुषांचे प्रमाण ७४.६ टक्के होते. मात्र प्रकल्पाला अनोळखी असलेल्या व्यक्तीच्या प्रोफाइलवरून ती स्त्री आहे हे कळत असेल, तर स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या खाली घसरत होते. ओळख कळल्यावर पुरुषांचेही प्रमाण घटले, पण कमी. म्हणजे नाशिकच्या त्या खोलीतली मुलगी आपली क्रियापदे उगीच खोडत नाही.

त्याच संकेतस्थळावर जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ च्या सुमारास भारतातील मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे चोरून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स चढवली गेली. ती हटवण्यात आली आणि काही तरुणांना अटकही झाली. ज्यांची छायाचित्रे वापरली गेली, त्यांत पत्रकार होत्या, जाहीरपणे मते मांडणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांनी गप्प बसावे यासाठीच तो सारा खटाटोप होता.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर सरकत जाणारा मराठी मजकूर.)

असा मजकूर यंत्रानेच ओळखावा, असे आता सुचवले जाते. मराठीपुरते पाहिले तर या दिशेने खरे काम झाले आहे : पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट्स वाचून, द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि साधी अशी वर्गवारी करून ‘महाहेट’ हा संग्रह खुला केला. परंतु ‘सरकारचे जावई’ या दोन शब्दांत एकही शिवी नाही. जावई हा तर आपल्याकडे मानाचा शब्द. तरीही आरक्षणातून आलेल्या विद्यार्थ्याला उद्देशून ते कोणी लिहिले, तर त्यातला डंख प्रत्येक मराठी माणसाला कळतो. यंत्राला तो कळायचा असेल, तर ज्यांना तो डंख बसला आहे अशी माणसे ती वर्गवारी करणाऱ्यांत असली पाहिजेत.

मग कायदा कडक करावा का? इथे घाई करता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल दुसरीला अटक झाली. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ इतके मोघम होते, की सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. त्रासापासून संरक्षण देण्यासाठी म्हणून लिहिलेले शब्द मुलींवरच उलटू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. याउलट, स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून नेमक्या शब्दांत मांडलेला गुन्हा आहे आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. अडचण आहे ती तक्रार करण्यापूर्वीच्या पायरीवर. वीस वर्षांच्या मुलीला घरी सांगायचे असते, आणि घरून बहुधा पहिला सल्ला येतो तो मोबाइल बंद ठेवण्याचा.

(दृश्य : महाविद्यालयाचे कँटीन. टेबलाभोवती सात-आठ विद्यार्थी, मध्ये एक वही.)

याच विद्यार्थिनीच्या वर्गाने आता स्वतःचा लहान ग्रुप सुरू केला असून त्याचे नियम ठरवण्यासाठी ही मंडळी तिसऱ्यांदा बसली आहेत. आक्षेपार्ह शब्दांची यादी करावी, असे एकाचे म्हणणे आहे. यादी केली की लोक दुसरे शब्द शोधतात, असे दुसरा सांगतो, आणि ‘जावई’ यादीत घालणार का, असे विचारतो. ही मुलगी यादीच्या विरोधात आहे. तिची मागणी इतकीच आहे, की तक्रार आली तर तीन जणांनी ती पूर्ण वाचावी, दोन दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि ते उत्तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाही दाखवावे. बऱ्याच वादानंतर हे मान्य होते आणि वहीत नावे लिहायला सुरुवात होते.

दोन नावे लिहून झाली आहेत. तिसऱ्या जागेसाठी अजून कोणी पुढे आलेले नाही.