चालणं कमी, फिरणं भरपूर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर "चला, कुठेतरी जाऊन येऊ" म्हटल्यावर काय उत्तर येतं ते तुम्हाला पाठच असेल. "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी." यात हौस नाही असं क्वचितच असतं. गुडघ्याचा भरवसा नाही, मध्येच बाथरूम लागली तर काय, आणि आपल्यापायी पोरांचा खोळंबा नको, एवढंच त्यात असतं. म्हणून आज मुंबईहून एका दिवसात होणाऱ्या सहलींबद्दल बोलू या. त्याही रेल्वेने, मेट्रोने आणि बोटीने.

आपल्याला अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सवय. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मोजायच्या त्या पायऱ्या, आणि किती वेळ उभं राहावं लागणार ती मिनिटं. सपाट रस्त्यावर सावकाश का होईना, पण बरंच चालणारी आई रेल्वेचा पूल दिसला की थबकते. त्यातही गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड. आणि आपल्याकडे कित्येक स्टेशनांवर सरकता जिना असतो तो नेमका वर जाणारा! खाली उतरायला साध्या पायऱ्याच. तेव्हा लिफ्ट कोणत्या टोकाला आहे आणि मुख्य म्हणजे चालू आहे का, हे आदल्या दिवशी जाता-येता बघून ठेवावं. सीएसएमटी आणि चर्चगेट इथे रूळच संपतात, त्यामुळे गाडीतून उतरून पूल न चढता सपाट चालत हॉलमध्ये येता येतं. सहलीची सुरुवात आणि शेवट शक्यतो अशा स्टेशनावर ठेवा.

वार निवडताना रविवार टाळा. घरातले सगळे मोकळे असतात हे खरं, पण मेगाब्लॉकही त्याच दिवशी असतो. मंगळवार-बुधवारी रजा टाकावी आणि लोकलने जायचं तर अकरानंतर निघून चारच्या आत परतीला लागावं. मात्र राणीची बाग बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात असू द्या.

आता बाथरूमचा विषय. रेडिओवर बोलायला संकोच वाटावा असा, पण सगळ्या बेताचा कणा हाच आहे. प्रवासात त्रास नको म्हणून बरीच ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, आणि खापर उन्हावर फुटतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि जिथे दर दीड-दोन तासांनी स्वच्छ बाथरूम मिळेल, तोच रस्ता धरा.

म्हणूनच मी सगळ्यांना पहिली सुचवते ती डेक्कन एक्स्प्रेस. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, अकरानंतर पुण्याला पोचवते, आणि दुपारी तीननंतर हीच गाडी परत निघते. २०२१ च्या जूनपासून तिला विस्टाडोम डबा आहे. मोठाल्या काचा, छतालाही काच, फिरवता येणाऱ्या ४४ खुर्च्या. बाथरूम डब्यातच. कर्जत सुटलं की घाट सुरू होतो. चढावर गाडीला मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. हा लोहमार्ग १८६३ चा. एकामागून एक बोगदे येतात, आणि पावसाळ्यात खंडाळ्याचे धबधबे बसल्या जागेवरून दिसतात. आपल्याला एक पायरीही चढावी लागत नाही, चढते ती गाडी. एकच मेख आहे. हा डबा गाडीच्या टोकाला असतो. कुठल्या टोकाला, ते आधी पाहा, नाहीतर सगळा प्लॅटफॉर्म तुडवावा लागेल. लागल्यास व्हीलचेअर मागावी. आई नको म्हणेल, तरी मागावी.

पुण्यात हाती जेमतेम चार तास. इथे "आलोच आहोत तर" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आलोच आहोत तर सारसबाग, आलोच आहोत तर तुळशीबाग, यातच सहलीची वाट लागते. स्टेशनालगतच मेट्रो आहे. ती पकडून डेक्कनला जा, निवांत जेवा, गप्पा मारा, परत या. पुणं पाहायला नाही, घाट पाहायला आलो होतो.

बोटीची आवड असेल तर गेटवेपेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बरी. गेटवेला ओल्या पायऱ्या उतरून हलत्या लाँचवर पाय टाकावा लागतो. रो-रोत मोटारी चढतात, तिथे माणसालाही सपाटीवरून जाता येतं. तासाभराचा प्रवास. पुढे अलिबाग गाठलंच पाहिजे असं नाही. मांडव्याला काहीतरी खायचं आणि परतीची बोट धरायची.

आणि हे सगळं जड वाटत असेल तर मुंबईतलीच भुयारी मेट्रो तीन. आरे ते कफ परेड, सगळी गार हवेत. सिद्धिविनायकाला आता स्वतःचं स्टेशन आहे, फक्त गर्दीचा मंगळवार सोडून जा. लिफ्ट प्रत्येक गेटला नसते, आत शिरण्यापूर्वी विचारा.

सवलतींचं थोडक्यात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एस.टी.त मात्र ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढे राज्यात प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. पण एस.टी.ची पहिली पायरी उंच असते आणि गाडीत बाथरूम नसते, हे धरूनच ठरवा.

एवढं करूनही वडील मध्येच म्हणाले, "बस झालं, घरी जाऊ", तर वाद नको. तिकीट वाया गेलं तर गेलं, आणि गाडीत त्याचा उल्लेखही नको. नाहीतर पुढच्या वेळी विचारलंत की पुन्हा ऐकाल, "तुम्ही जाऊन या."

नमस्कार.