पद्मिनी नक्की उरल्यात किती?

२९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत एका प्रीमिअर पद्मिनीचं टॅक्सी म्हणून रजिस्ट्रेशन झालं, आणि ती शेवटची. मुंबईत टॅक्सीला वयाची अट २० वर्षं, त्यामुळे हिशोब एकदम सरळ होता, २०२३ चा ऑक्टोबर संपला आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याच्या दीड महिना आधी बेस्टची जुनी डबलडेकर गेली होती, म्हणजे एकाच पावसाळ्याच्या शेवटी दोन्ही गेल्या, आणि मला खरंच वाईट वाटलं होतं.

पण टॅक्सी गेली म्हणजे पद्मिनी संपली असं नाही हं. पांढऱ्या नंबरप्लेटच्या, घरच्या गाड्या अजून आहेत. किती, ते मोजायचं तर घोळ होतो. आरटीओच्या रेकॉर्डवर गाडी असते पण ती कधीच भंगारात कापली गेलेली असते, मालकाने आरसी रद्दच केलेली नसते, आणि उलट एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असते, कागद संपलेले, पण बॅटरी लावली की चालू.

म्हणून मी कागद सोडून पासिंगकडे, म्हणजे आरटीओत गाडी तपासून रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवण्याकडे बघतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटच्या पद्मिनी २००० च्या आसपास निघाल्या. खाजगी गाडीला १५ वर्षांनी री-पासिंग, मग दर ५ वर्षांनी परत, वर जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स. म्हणजे सगळ्यात तरुण पद्मिनीसुद्धा या चाळणीतून दोनदा तरी गेलीय. आणि री-पासिंगची फी बघा, एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. इतके पैसे भरून जो गाडी ठेवतो त्याचा तिच्यावर जीव आहे, दुसरं काही नाही.

आमच्या काकांकडे एक आहे. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, त्यामुळे पुढे सलग सीट आणि आम्ही तिघं पोरं पुढेच बसायचो, मीच खिडकीकडे, कारण ती छोटी त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. इंजिनचं दुखणं काही नाही, कार्बोरेटर साफ करणारे मेकॅनिक मिळतात अजून, ही गाडी मरते ती पत्र्याने. मुंबईची खारी हवा, चार महिने पाऊस, दाराच्या खालची कड आधी फुगते, मग रंगाचा पापुद्रा उचलतो, बोट दाबलं की आत जातं. काकांनी फ्लोअरचा पत्रा दोनदा बदललाय, आणि दर रविवारी रबर मॅट काढून खाली हात फिरवून बघतात ओल आहे का.

मागच्या रविवारी त्यांनी चोक ओढला, स्टार्टर दोनदा घुर्र करून थांबला, तिसऱ्यांदा पकडला. मग सोसायटीच्या गेटमधून बाहेर काढली, वॉचमनने उभं राहून हात केला.