दुधाच्या हिशेबाशेजारी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असते आणि त्यावर, ठाण्यातल्या पुष्कळ घरांत असतो तसा, दुधाचा हिशेब असतो. 2014 च्या ऑक्टोबरपासून त्या हिशेबाशेजारी दुसरा एक हिशेब सुरू झाला. इंडियन सुपर लीग ही नवी फुटबॉल स्पर्धा त्याच महिन्यात सुरू झाली होती. मुंबई सिटी एफसी या संघाचे घरचे मैदान नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम होते, आणि ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची एकच गाडी पकडली की तिथे जाता येते, एवढ्या एका कारणावरून आम्ही त्या संघाचे झालो. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. संघ जिंकला की त्या तारखेच्या चौकटीत ती हिरवा ठिपका काढी, हरला की लाल. बरोबरी झाली तर काहीच काढत नसे, कारण तिच्या मते बरोबरी हा निकालच नव्हता.

पहिला ठिपका लाल होता. स्पर्धेच्या उद्घाटनाच्याच सामन्यात, 12 ऑक्टोबरला, कोलकात्यात आम्ही 0-3 असे हरलो. सहाच दिवसांनी नेरुळमध्ये पुण्याच्या संघाला 5-0 असे हरवले. त्यातले तीन गोल आंद्रे मोरित्झने केले. परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशीच्या विधानसभेच्या मतमोजणीखेरीज कोणी काही बोलत नव्हते. आम्ही तिघे मात्र ऐरोली येईपर्यंत मोरित्झवरच होतो. तिसरे म्हणजे आमच्या मजल्यावरचे काका. ते आमच्याबरोबर प्रत्येक सामन्याला येत, स्वतःचे तिकीट स्वतः काढत, पण संघाचा उल्लेख मात्र नेहमी ‘तुमचा संघ’ असा करत. त्याचे कारण मला पुढे काही वर्षांनी कळले.

त्या हंगामात आठ संघांत आम्ही सातवे आलो. वाईट खेळणाऱ्या संघाच्या चाहत्याला सर्वांत जास्त दमवते ते गणित, असे माझे मत आहे. तेव्हा पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात, म्हणजे अमका हरला, तमक्याची बरोबरी झाली आणि आपण दोन गोलांच्या फरकाने जिंकलो तर अजूनही जमेल, अशी आकडेमोड तिकिटाच्या पाठीवर करत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या, आणि ज्या संघाकडून एक गोल होत नव्हता त्याच्याकडून तीन सामन्यांत नऊ गोलांची अपेक्षा मी गंभीरपणे धरली. घरखर्चाच्या बाबतीत मी असा मुळीच नाही. काका माझ्या हातातला कागद पाहत आणि काही न बोलता शेंगदाण्याची पुडी पुढे करत.

दुसरा त्रास असा, की हे दुःख सांगायला कोणी नसते. आमच्या इमारतीतली मुले इंग्लंडमधल्या क्लबांची चाहती आहेत. मध्यरात्रीनंतर उठून ती सामने पाहतात आणि संघ हरला तर दुसऱ्या दिवशी एकमेकांची मनसोक्त खिल्ली उडवतात. खिल्ली उडवायलाही समोरच्याला तुमचा संघ ठाऊक असावा लागतो. मी कचेरीत ‘काल हरलो’ असे म्हणालो तर ‘काल कुठे मॅच होती?’ असा प्रश्न येई, आणि मला पराभवाच्या आधी संघाची ओळख करून द्यावी लागे.

2015 च्या ऑक्टोबरअखेरीस सुनील छेत्रीने नेरुळमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल केले. या स्पर्धेत एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला भारतीय. स्टेडियममधून बाहेर पडताना मुलगी माझ्या खांद्यावर होती आणि तिचा आवाज पार बसला होता. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. 17 नोव्हेंबरला गोव्यातला सामना आम्ही घरी दूरदर्शन संचावर पाहत होतो, दिवाळीचा उरलेला चिवडा समोर होता, आणि गोवा संघ गोलामागून गोल करत होता. शेवटी 0-7. सातव्या गोलानंतर मुलगी लाल पेन घेऊन उठली आणि तिने विचारले, ‘बाबा, सात ठिपके काढायचे का?’

मला हसू आले नाही. काका म्हणाले, ‘अगं, सात झाले तरी ठिपका एकच. संघ हरला म्हणजे संघ आहे अजून.’

मग ते मुंबईतल्या कूपरेज मैदानाबद्दल बोलले. काका फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला होते आणि कचेरी सुटली की कूपरेजवर महिंद्रा युनायटेडचे सामने पाहून रात्री ठाण्याची गाडी पकडत. त्यांचा संघ रडतखडत चालणारा नव्हता. 2005-06 मध्ये त्याने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती, 2008 मध्ये ड्युरँड चषक. तरीही महिंद्रा कंपनीने 2010 मध्ये संघ बंद केला. तो शेवटचा हंगाम संपल्यावर गुणतक्ता पाहायचा कशाला, हेच त्यांना कळेना. पुढे त्यांनी मुंबई एफसीचा आधार घेतला. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली हा संघ आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या मुख्य लीगमधून बाहेर पडण्याच्या काठावर जाऊन दरवर्षी परत येई. देखणा खेळ नव्हता. पण तो पुढच्या वर्षी असे, आणि काकांना तेवढे पुरे होते.

तेही फार काळ टिकले नाही. सात वर्षांनंतर, 2016 मध्ये, जमील यांनी मुंबई एफसी सोडली. पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरमच्या आयझॉल या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून लीगबाहेर गेली व नंतर बंदच पडली. काकांनी आयझॉलची बातमी कापून ठेवली आहे. सुख आणि दुःख एकाच तक्त्याच्या दोन टोकांना छापलेले मी तेवढेच पाहिले आहे. ‘तुमचा संघ’ या दोन शब्दांत काय भरले आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. दोनदा घर मोडलेला माणूस तिसरे मांडायला कचरत होता.

2016 मध्ये आमचा संघ अंधेरीच्या लहान मैदानावर गेला. घाटकोपरला उतरून मेट्रो पकडावी लागे, पण त्या वर्षी साखळीत पहिले आल्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. उपांत्य फेरीत कोलकात्याने हरवले. 2019 च्या मार्चमध्ये पुन्हा उपांत्य फेरी, आणि घरच्या मैदानावर गोव्याकडून 1-5. काका मेट्रोत एवढेच म्हणाले, की सातपेक्षा पाच बरे.

मग 13 मार्च 2021. आधी साखळीत अव्वल राहिल्याबद्दलची ढाल मिळाली होती, आता अंतिम सामना होता, समोर एटीके मोहन बागान. करोनामुळे संपूर्ण हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना खेळवला गेला होता. मुलगी दहावीत होती, पुस्तक मांडीवर उघडे ठेवून पाहत होती. काका मास्क लावून आमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. 1-1 अशी बरोबरी, आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. मी एवढ्याने ओरडलो की समोरच्या बाल्कनीतून एक गृहस्थ म्हणाले, ‘आज कसली मॅच? कालच तर हरलो ना इंग्लंडकडून?’ त्यांचे म्हणणे खरे होते, आदल्या दिवशी क्रिकेटमध्ये भारत हरला होता.

पडद्यावर खेळाडू नाचत होते आणि त्यांच्यामागे हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. सात वर्षे मी याच क्षणाची वाट पाहिली होती, पण त्या खुर्च्या पाहताना मला आठवली ती 2014 ची एक पराभवाची रात्र, नेरुळच्या फलाटावर एकाच रंगाच्या शर्टांत गप्प उभी असलेली चाळीस-पन्नास अनोळखी माणसे. ती माणसे आता कुठे बसून हा सामना पाहत असतील, हे मला कळायला मार्ग नव्हता. मुलीने हिरव्या पेनने अख्खी चौकट भरून टाकली. दुधाचा आकडा त्याखाली गेला आणि महिनाअखेरीस अर्ध्या लिटरवरून घरात थोडा वाद झाला.

पुढची वर्षे भराभर सांगतो. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ आशियाई क्लबांच्या स्पर्धेसाठी नेरुळला आला. नेमार येणार म्हणून शहरभर गलका होता, तो जखमी झाल्यामुळे आला नाही, आणि आम्ही 0-2 हरलो. त्या गटातले सहाही सामने हरलो. 2024 च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे हरवून पुन्हा चषक जिंकला, आणि 2025 च्या मार्चमध्ये बंगळुरूने 5-0 असे बाहेर काढले. हिरवा, लाल, हिरवा, लाल. मुलगी आता महाविद्यालयात आहे, तरी ठिपके तीच काढते.

2025 च्या जुलैमध्ये मात्र निराळीच बातमी आली. आयोजक आणि फुटबॉल महासंघ यांच्यातल्या कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे लीगचा नवा हंगाम थांबवून ठेवला असल्याचे जाहीर झाले. हरल्याच्या बातमीने मला राग येतो. या बातमीने राग आला नाही. मी उठून कालनिर्णयाची पुढची पाने उलटून पाहिली, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. त्या चौकटींत फक्त दूधच राहणार होते.

संध्याकाळी काका विरजण मागायला आले. वाटी हातात घेऊन ते थोडा वेळ दारातच उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘काय रे, आपल्या संघाचं काय ठरलं?’